लॅपटॉप टाइप-सी अडॅप्टरवर नीट चार्ज होत नाही: नवा अडॅप्टर घेण्याआधी काय तपासावं

लॅपटॉपसोबत आलेला अडॅप्टर बिघडला किंवा हरवला, की हल्ली बहुतेक जण दुसऱ्या कंपनीचा टाइप-सी अडॅप्टर घेतात. आकाराने लहान, वजनाला हलका, शिवाय मोबाइलही त्यावरच चार्ज होतो. मग तक्रारी सुरू होतात. खाली कोपऱ्यात प्लगचं चिन्ह दिसतं, पण टक्के वाढत नाहीत. चार्जिंग मधेच तुटतं, परत जोडलं जातं, परत तुटतं. अडॅप्टर लावलेला असूनही काम करताना बॅटरी उतरतेच. किंवा 'स्लो चार्जर' असा इशारा येतो. त्याच अडॅप्टरवर मोबाइल मात्र व्यवस्थित चार्ज होतो, त्यामुळे अडॅप्टर चांगला की खराब हेच कळेनासं होतं.

अशा वेळी लोक दुसरा अडॅप्टर आणतात आणि बरेचदा तक्रार जशीच्या तशी राहते. कारण दोष केबलचा असतो, पोर्टचा असतो, किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या एखाद्या नियमाचा असतो. म्हणून माझा आग्रह एकच: अडॅप्टर आणि लॅपटॉप यांच्यात प्रत्यक्षात किती व्होल्ट आणि किती अँपिअर ठरले आहेत, हे पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. तो आकडा हातात आला की दोष कुठे आहे ते बरंचसं उघड होतं.

केबल जोडल्यावर काय घडतं

जुन्या गोल पिनच्या अडॅप्टरचं काम सरळ होतं. त्यातून १९ किंवा २० व्होल्ट कायम येत असत आणि लॅपटॉप लागेल तेवढा करंट घेत असे. टाइप-सीचं तसं नाही. अडॅप्टर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. टाइप-सीच्या २४ पिनांपैकी 'सीसी' नावाच्या पिनेवरून आधी दोघांना एकमेकांची ओळख पटते, आणि मग अडॅप्टर आपली यादी सांगतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ ला ३, १५ ला ३, २० ला ३.२५, अशी. लॅपटॉप त्यातला एक पर्याय मागतो, अडॅप्टर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढतं. या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, बोलताना नुसतं पीडी. तिची पहिली आवृत्ती २०१२ची, टाइप-सी जोडणी २०१४ची, आणि २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीत कमाल मर्यादा १०० वॉटवरून २४० वॉटवर गेली.

ही बोलणी क्षणात उरकतात, म्हणून आपल्याला ती कधी जाणवत नाहीत. पण ती फिसकटली तर सगळं ५ व्होल्टवरच थांबतं. ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर म्हणजे जेमतेम १५ वॉट. मोबाइलला तेवढे पुरतात. लॅपटॉपला नाही, आणि कित्येक लॅपटॉप ५ व्होल्टकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोबाइल चार्ज होतो आणि लॅपटॉप होत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. त्यावरून अडॅप्टर निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही आणि दोषी आहे असंही नाही.

आधी आकडा मिळवा

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे केबलच्या मधे जोडायचा छोटा टाइप-सी मीटर. त्याच्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर आणि वॉट दिसतात. ज्याला ही कटकट वारंवार होते त्याने तो घ्यावाच. चुकीचा अडॅप्टर विकत घेण्यापेक्षा हा खर्च कधीही बरा. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेला आणि पीडी चालणारा घ्या, मोबाइलसाठीचा चौकोनी यूएसबीवाला नको.

मीटर नसेल तरी काही गोष्टी लॅपटॉपच सांगतो. मॅकवर ऑप्शन कळ दाबून सफरचंदाच्या मेनूत गेलं की 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडतं. त्यात 'पॉवर' या विभागात खाली अडॅप्टर किती वॉटचा ओळखला गेला आहे ते लिहिलेलं असतं. ६५ वॉटचा अडॅप्टर तिथे ६० किंवा ३० वॉटचा दिसत असेल, तर तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडून (powercfg /batteryreport) चालवला की एक पान तयार होतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात, आणि गेल्या काही दिवसांत लॅपटॉप कधी अडॅप्टरवर होता, कधी बॅटरीवर, याची वेळेनिशी नोंद असते. अडॅप्टर सतत लावून ठेवलेला असताना त्या नोंदीत 'एसी' आणि 'बॅटरी' आलटून पालटून येत असतील, तर जोडणी तुटत असल्याचा तो लेखी पुरावा आहे.

आता मीटर काय सांगतो ते वाचायचं. पडद्यावर ५ व्होल्टच असेल तर बोलणी झालीच नाहीत. केबल, पोर्ट किंवा अडॅप्टरचा प्रोटोकॉल (म्हणजे त्याची बोलण्याची ठरलेली पद्धत) यात शोधायचं. २० व्होल्ट आहेत पण करंट जवळजवळ शून्य, तर बोलणी नीट झाली आहेत आणि लॅपटॉपच आपणहून चार्जिंग घेत नाही. अशा वेळी अडॅप्टर बदलून काहीही होणार नाही. २० व्होल्ट आहेत, करंट ठराविक आकड्यापर्यंत जाऊन तिथेच अडकतो आणि बॅटरी तरी उतरते, तर वॉट कमी पडत आहेत. आणि व्होल्टेज २० वरून शून्यावर, मग ५, मग परत २० असं फिरत असेल, तर कुठेतरी जोडणी तुटते आहे किंवा अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे.

केबल, आणि ६५ वॉटचा फेरा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच वाहायला मोकळी असते. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट. त्याहून जास्त न्यायचं तर केबल ५ अँपिअरची लागते, आणि तशी ती आहे हे अडॅप्टरला कळावं म्हणून तिच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप बसवलेली असते. अडॅप्टर यादी सांगण्याआधी त्या चिपला विचारतो. चिपकडून उत्तर आलं नाही, तर केबल साधी आहे असं धरून अडॅप्टर ३ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही.

आता ६५ वॉटच्या अडॅप्टरचं लेबल बघा: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. पाव अँपिअर जास्त आहे! म्हणजे साध्या केबलवर हा अडॅप्टर ६५ वॉटचा राहतच नाही, ६० चा होतो. पाच वॉटने काय बिघडतं, असं वाटेल. काही लॅपटॉपवर खरंच काही बिघडत नाही. पण काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ठराविक वॉटची अट घातलेली असते. ती पुरी झाली नाही, तर इशारा येतो, प्रोसेसरचा वेग खाली आणला जातो किंवा लॅपटॉप चालू असताना चार्जिंगच बंद ठेवलं जातं. लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ अडॅप्टरची केबल बहुधा त्यालाच जोडलेली असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. सुटा अडॅप्टर आणि घरात पडलेली केबल एकत्र आली, की उद्भवतो.

एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हे अगदी समोर बघायला मिळालं. अडॅप्टर चांगल्या कंपनीचा, ६५ वॉटचा. केबल मोबाइलच्या खोक्यातून आलेली, पांढरी, बारीक. व्हिडिओ कॉल सुरू असला की बॅटरी हळूहळू उतरायची आणि इशारा यायचा. मधे मीटर लावला. कॉल बंद असताना करंट दीड-दोनच्या आसपास. कॉल सुरू केला, पडदा पूर्ण उजळ केला, तसा आकडा चढत गेला आणि ३ च्या अलीकडे येऊन थबकला, त्यापुढे जाईना. अडॅप्टर तोच ठेवून फक्त केबल ५ अँपिअरची लावली. करंट ३ च्या पुढे सरकला आणि इशारा त्यानंतर आला नाही. तिने नवा अडॅप्टर ऑनलाइन बघून ठेवला होता, तो घ्यावा लागला नाही.

केबल घेताना डेटाच्या वेगाचा आकडा बघून फसू नका. वेग आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटासाठी अगदी संथ असलेली केबलसुद्धा १०० वॉट नेऊ शकते. प्रमाणित केबलवर २०२१ पासून ६० वॉट किंवा २४० वॉट असा ठसा छापायला सुरुवात झाली आहे, तो शोधा. २४० वॉटची केबल लहान अडॅप्टरलाही चालते. नुकसान काहीच नाही. माझा सल्ला असा की लॅपटॉपसाठी अशी एक केबल वेगळी ठेवावी, तिच्यावर खुणेची चिकटपट्टी लावावी आणि ती मोबाइलसाठी पळवू देऊ नये.

एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल लॅपटॉपसाठी उपयोगाची नाही. चौकोनी टोकाला सीसी पिनच नसते, मग बोलणी होणार कशी? अशा केबलमध्ये उपकरणाने किती करंट ओढायचा ते सांगणारा ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो, आणि स्वस्त केबलमध्ये तो चुकीचा बसवलेला असायचा. गूगलमधले अभियंता बेन्सन ल्युंग यांनी २०१५-१६ मध्ये अशा कितीतरी केबल तपासून त्यांचे दोष जाहीर केले होते. एका सदोष केबलने तर त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी केला. केबल म्हणजे नुसती तार, हा समज टाइप-सीच्या बाबतीत महागात पडतो.

लांबीचाही परिणाम होतो. लांब आणि बारीक केबलमध्ये वाटेतच थोडं व्होल्टेज गळतं. लॅपटॉपने अचानक जास्त करंट ओढला की त्याच्या टोकाला व्होल्टेज खाली येतं, आणि काही लॅपटॉप तेवढ्याने जोडणी सोडून देतात. दोन मीटरची केबल लावून त्रास होत असेल तर एक मीटरची लावून बघा.

अडॅप्टरचं लेबल भिंगातून वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा विसरा. अडॅप्टरच्या अंगावर बारीक अक्षरात 'आउटपुट' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचणं सोपं जातं.

पहिली गोष्ट, २० व्होल्ट आहेत का. ४५ वॉटच्या अडॅप्टरला १५ व्होल्ट आणि ३ अँपिअर दिले की पीडीच्या नियमात बसता येतं. २० व्होल्ट देणं त्याला बंधनकारक नाही. पण बरेच लॅपटॉप २० व्होल्टच मागतात. अशी जोडी जमली की दोन्ही वस्तू धडधाकट असूनही चार्जिंग होत नाही, आणि दोष द्यायला कुणीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट, तो ६५ किंवा १०० चा आकडा एका पोर्टचा आहे की सगळ्यांची बेरीज. तीन पोर्टच्या १०० वॉटच्या अडॅप्टरवर एकटा लॅपटॉप लावला तर १०० मिळतील. शेजारी मोबाइल लावला की लॅपटॉपच्या वाट्याला ६५ किंवा ४५ उरतात. किती, ते लेबलवर जोडीजोडीने लिहिलेलं असतं. शिवाय नवं उपकरण लावताना किंवा काढताना असे बहुतेक अडॅप्टर सगळ्या पोर्टची वाटणी नव्याने करतात आणि त्यासाठी वीज क्षणभर तोडतात. चार्जिंग 'आपोआप' तुटतं अशी तक्रार असेल, तर शेजारच्या पोर्टवर घड्याळ किंवा इअरफोनचं खोकं लावलेलं आहे का ते आधी बघा. ते पूर्ण चार्ज झालं की करंट कमी होतो आणि अडॅप्टर परत वाटणीला बसतो. हे मध्यरात्रीही घडतं. त्रास कायम असेल तर लॅपटॉपसाठी एकाच पोर्टचा अडॅप्टर घ्यावा. मी तरी कामाच्या लॅपटॉपला तोच सुचवतो.

तिसरी गोष्ट, मोबाइल कंपन्यांचे अडॅप्टर. त्यांवरही ६५, ८० असे आकडे असतात, पण तो वेग बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवर आणि तिच्याच मोबाइलपुरता मिळतो. लॅपटॉपला कळते ती पीडीची भाषा, आणि त्या अडॅप्टरची पीडीतली ताकद पुष्कळदा त्या मोठ्या आकड्याहून बरीच कमी असते. लेबलवर पीडी नावाची वेगळी ओळ आहे का बघा. नसेल, तर त्या अडॅप्टरवर लॅपटॉपची आशा ठेवू नका. क्विक चार्ज ही क्वालकॉमची पद्धतही वेगळी. ती लिहिली आहे म्हणून पीडी असेलच असं नाही.

लॅपटॉपचंही काही म्हणणं असतं

टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो चार्जिंगचा आहे, असं गृहीत धरू नका. कित्येक लॅपटॉपमध्ये दोनपैकी एकच पोर्ट वीज घेतो आणि दुसरा फक्त डेटाचा असतो. शेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं छोटं चिन्ह असेल तर बहुधा तो चार्जिंगचा. चिन्ह नसेल तर मॉडेलची पुस्तिका बघावी. थंडरबोल्ट ४ (टाइप-सीच्याच आकाराची वेगवान जोडणी) असलेल्या आणि १०० वॉटच्या आत भागणाऱ्या लॅपटॉपमध्ये निदान एक पोर्ट चार्जिंग घेणारा असावाच लागतो, हा आधार उपयोगी पडतो.

मोठ्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. डेलच्या काही मॉडेलसोबत येणारा १३० वॉटचा टाइप-सी अडॅप्टर २० व्होल्टला ६.५ अँपिअर देतो. हे पीडीच्या नियमाबाहेरचं आहे आणि त्याच कंपनीच्या लॅपटॉप-अडॅप्टरमध्ये ठरलेलं आहे. तिथे बाहेरचा कितीही दमदार अडॅप्टर लावा, लॅपटॉप त्याच्याकडून १०० वॉटच्या वर घेणार नाही आणि मूळ अडॅप्टर नसल्याची जाणीव करून देत राहील. २०२१ च्या १६ इंची मॅकबुक प्रोला १४० वॉट मिळायचे ते मॅगसेफच्या, म्हणजे ॲपलच्या चुंबकी चार्जिंग पोर्टच्या वाटेने. टाइप-सी पोर्टवर मर्यादा १०० चीच होती. गेमिंग लॅपटॉप तर गोल पिनेवर दोनशेच्या पुढे वॉट घेतात आणि टाइप-सीची वाट त्यांना फक्त हलक्या कामापुरती दिलेली असते. खेळ सुरू असताना टाइप-सीवर बॅटरी उतरणं हा तिथे बिघाड नाही.

गोल पिनेला टाइप-सी जोडून देणारे छोटे कनेक्टर मिळतात. ते अडॅप्टरकडून २० व्होल्ट मागून पुढे देतात. पण बऱ्याच लॅपटॉपच्या गोल पिनेतही अडॅप्टरची ओळख सांगणारी वेगळी तार असते. कनेक्टरने ती ओळख बरोबर दिली नाही, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. तुमच्या मॉडेलचं नाव लिहिलेला कनेक्टर मिळाला तरच घ्या.

हबमधून, म्हणजे एका टाइप-सी पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून चार्ज करत असाल तर हब काढून थेट लावून बघा. बहुतेक हब स्वतःसाठी १० ते १५ वॉट राखून ठेवतात. ६५ वॉटच्या अडॅप्टरमधून पुढे ५० च्या आसपासच जातात आणि लॅपटॉप कुरकुरतो.

सतत तुटतं-जुळतं तेव्हा

आधी प्लग उलटा करून लावा. ही साधी तपासणी फार कमी लोक करतात आणि ती फार काही सांगून जाते. केबलमध्ये सीसीची तार एकच असते. प्लग सुलटा लावला तर ती पोर्टच्या एका सीसी पिनेला भिडते, उलटा लावला तर दुसऱ्या. एका बाजूने नीट चालतं आणि दुसऱ्या बाजूने चालत नाही, असं झालं तर त्या टोकाच्या पोर्टमधली एक पिन खराब आहे किंवा मळली आहे. लॅपटॉपच्या टोकाला आणि अडॅप्टरच्या टोकाला, दोन्हीकडे हे स्वतंत्रपणे करून बघा.

मग टॉर्च लावून पोर्टच्या आत बघा. पिशवीतला धागा, कागदाचा चुरा, धूळ यांचा थर प्लग दाबून दाबून आत घट्ट बसतो आणि मागच्या भिंतीला नमद्यासारखा चिकटतो. वरून पोर्ट स्वच्छ दिसतो, पण प्लग पूर्ण आत जात नाही. खूण अशी की 'टक्' असा आवाज येत नाही आणि प्लगची धातूची कड किंचित बाहेर राहते. लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बारीक काडीने मधल्या जिभेला धक्का न लावता कडेकडेने तो थर ओढून काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको. मधली जीभ नाजूक असते, तिच्यावर दोन्ही बाजूंना पिना असतात. पोर्ट साफ करूनही प्लग डुगडुगत असेल तर दुसऱ्या केबलने बघा. तिचंही तेच झालं तर पोर्ट झिजला आहे.

उष्णतेची बाब वेगळी. लहान आकाराचे गॅलियम नायट्राइडचे अडॅप्टर पूर्ण ताकदीवर चांगलेच तापतात. गरम होणं हा दोष नाही, पण उशीखाली, पांघरुणात किंवा इतर अडॅप्टरांच्या गर्दीत असतील तर ते वॉट कमी करतात किंवा बंद पडतात. सुरू केल्यावर अर्धा तास नीट आणि मग तुटायला लागलं, तर संशय उष्णतेवर घ्या. अडॅप्टर मोकळ्या जागी ठेवून बघा. भिंतीतला बोर्ड सैल असेल, तर अडॅप्टरच्या वजनानेच तो खाली झुकतो आणि संपर्क तुटतो. दुसऱ्या बोर्डावर लावून पाहायला वेळ लागत नाही.

लॅपटॉप थोडा वेळ फार मोठा घास घेतो तेव्हाही तुटतं. प्रोसेसर एकदम वेग घेतो, करंट अडॅप्टरच्या मर्यादेपलीकडे उडी मारतो आणि अडॅप्टर सुरक्षेसाठी बंद होऊन परत सुरू होतो. लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरचे वॉट बघा आणि तेवढे किंवा त्याहून जास्त वॉटचा अडॅप्टर घ्या. जास्त वॉटचा अडॅप्टर लावल्याने लॅपटॉप जळत नाही. किती घ्यायचं ते लॅपटॉपच ठरवतो. ही भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे आणि तिच्यापायी लोक मुद्दाम कमी वॉटचा अडॅप्टर घेतात.

८० टक्क्यांवर अडकतं तेव्हा

मीटरवर २० व्होल्ट, करंट नाही, टक्के ६० किंवा ८० वर खिळलेले. हा बहुतेक वेळा बॅटरी जपण्याचा पर्याय असतो. लेनोवो व्हँटेज, मायएसुस अशा कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तो सापडतो. मॅकही सवय ओळखून ८० वर थांबतो. लॅपटॉप सतत अडॅप्टरवरच असेल तर तो पर्याय सुरूच राहू द्यावा. बॅटरी फार तापली किंवा गारठली तरी चार्जिंग थांबतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सिअसच्या मधेच चार्ज करायची असते.

टक्के पूर्ण शून्यावर जाऊन लॅपटॉप बंद पडला असेल, तर लगेच बटण दाबत बसू नका. अडॅप्टर लावून अर्धा तास तसाच ठेवा.

सॉफ्टवेअरवर किती भरवसा ठेवायचा

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढून टाका आणि परत बसवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने क्वचितच काही साधतं, कारण चार्जिंगचा निर्णय विंडोज घेत नाही. तो लॅपटॉपच्या बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे वीज आणि चार्जिंग सांभाळणारी वेगळी चिप घेते. खात्री करायची तर लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि अडॅप्टर लावा. बंद असतानाही चार्ज होत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही. बंद असताना नीट होतं आणि चालू असताना होत नाही, तर वॉट कमी पडत आहेत.

त्या कंट्रोलरला ताजं करणं मात्र खरोखर उपयोगी पडतं. बोलणी एकदा चुकीच्या जागी अडकली की तो तसाच अडकून राहतो. लॅपटॉप बंद करा, सगळ्या केबल काढा, पॉवरचं बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरा, मग थोडं थांबून अडॅप्टर लावा. काही मॉडेलच्या तळाशी यासाठी टाचणीएवढं छिद्र असतं; पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकला लॅपटॉप बंद करून परत सुरू करणं पुरतं. त्यानंतर बायोस आणि टाइप-सी किंवा थंडरबोल्टचं फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा. अद्ययावत करताना बॅटरीत पुरेसा चार्ज हवा आणि अडॅप्टर न तुटणारा हवा, म्हणून ते मूळ किंवा खात्रीच्या अडॅप्टरवरच करा.

हे वापरू नका

टाइप-सीची एक्स्टेन्शन केबल, म्हणजे एका टोकाला प्लग आणि दुसऱ्याला खाच असलेली, यूएसबीच्या नियमांत बसतच नाही. चुंबकी टोकं सोयीची वाटतात, पण त्यांच्या उघड्या पिनांवर धूळ आणि लोखंडाचे कण चिकटतात, आणि ओढली गेली की २० व्होल्ट चालू असताना संपर्क तुटतो. मोबाइलला वापरायची तर वापरा, लॅपटॉपला नको. आउटपुटची ओळच नसलेला अडॅप्टर कितीही स्वस्त असला तरी परत करा.

प्लगच्या पिनांवर तपकिरी डाग, प्लॅस्टिक वितळल्याची खूण किंवा जळका वास आला तर ती केबल त्याच क्षणी बाजूला टाका आणि दुसऱ्या उपकरणावर 'बघू चालते का' म्हणून लावू नका. भाजलेला प्लग चांगला पोर्टही भाजून काढतो.

धातूच्या कव्हरला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा टचपॅडचा बाण थरथरतो, ही तक्रार दोन पिनांच्या अडॅप्टरवर येते. आतल्या कपॅसिटरमधून अगदी सूक्ष्म करंट कव्हरपर्यंत पोचतो. अडॅप्टर काढल्यावर ते थांबतं का बघा. अर्थिंगची तिसरी पिन असलेला अडॅप्टर नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावला की बहुधा प्रश्न मिटतो. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर मात्र तो अडॅप्टर वापरूच नका.

दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर

१०० वॉटचा प्रमाणित अडॅप्टर, ५ अँपिअरची केबल, स्वच्छ पोर्ट, दोन्ही बाजूंनी प्लग लावून पाहिलेला, कंट्रोलर ताजा केलेला, आणि तरीही ५ व्होल्टच, तर दोष लॅपटॉपच्या आत आहे. दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं 'चार्ज होत नाही' असं सांगू नका. मीटरच्या पडद्याचा फोटो दाखवा, लॅपटॉप बंद असताना काय होतं ते सांगा, प्लग कोणत्या बाजूने चालतो आणि दुसरा टाइप-सी पोर्ट असेल तर तिथे काय होतं तेही सांगा. एकच पोर्ट बिघडला असेल तर बहुधा तेवढा पोर्ट बदलून भागतं. काही मॉडेलमध्ये तो छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि काम सोपं होतं. दोन्ही पोर्टवर एकसारखं होत असेल तर पीडीची चिप किंवा तिच्या पुढचे स्विच तपासावे लागतात. कुणी थेट सगळा मदरबोर्ड बदलायला सांगितलं, तर आधी विचारा की पोर्टवर २० व्होल्ट येतात का आणि सीसी पिना तपासल्या आहेत का. ज्याने मोजलं आहे तो लगेच आकडा सांगेल.